स्टोरी फॉरवर्ड कर रे!

होस्टेलवर सिनेमाचं परीक्षण कुणी लिहून देत नाही. ते दोन-तीन शब्दांत उरकतं. 'एक नंबर', 'टीपी', 'बघणेबल' आणि 'डोक्याला शॉट' – एवढ्या चार कप्प्यांत जगातले सगळे सिनेमे बसतात. पण एक सिनेमा असा आहे, की जो आमच्या विंगमध्ये दर सेमिस्टरला निदान एकदा लागतोच आणि तरी या चारपैकी कुठल्याही कप्प्यात बसत नाही. कुणाच्या तरी लॅपटॉपवर तो सुरू होतो. हिरो-हिरॉइन भावुक होऊन बोलायला लागतात. आणि पलंगावरून, दारातून, खिडकीच्या कठड्यावरून एकदम आवाज येतो, "स्टोरी फॉरवर्ड कर रे!"

सिनेमा म्हणजे 'एबीसीडी २'.

नाक मुरडू नका मंडळी, पूर्ण वाचा! मी स्वतः नाचत नाही. वरातीतसुद्धा मी नाचणाऱ्यांचे मोबाईल सांभाळणारा माणूस. कॉलेजच्या डान्स टीममध्ये माझं काम म्हणजे गाणी कापायची, जोडायची आणि प्रयोगाच्या वेळी विंगेत उभं राहून बटण दाबायचं. म्हणजे मी ना धड कलाकार, ना धड प्रेक्षक. अशा मधल्या माणसाला दोन्ही बाजूंचं ऐकू येतं, म्हणून हा लेख.

आधी थोडी माहिती, कारण फर्स्ट इयरची मंडळी तेव्हा दुसरी-तिसरीत असतील. रेमो डिसूझा दिग्दर्शित पहिला 'एबीसीडी' फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. एबीसीडी म्हणजे 'एनी बडी कॅन डान्स'. सिनेमा थ्रीडी, गुरूच्या भूमिकेत प्रभुदेवा, आणि बाकी प्रमुख भूमिकांत टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धांमधून आलेली पोरं – धर्मेश, पुनीत, सलमान युसुफ खान, लॉरेन. त्याचा पुढचा भाग १९ जून २०१५ ला आला. यात प्रभुदेवा कायम, पण हिरो वरुण धवन आणि हिरॉइन श्रद्धा कपूर. मुंबईतल्या एका गटावर परदेशी गटाचा नाच जसाच्या तसा उचलल्याचा आरोप होतो. स्पर्धेतून हकालपट्टी होते, लोक 'चीटर' म्हणतात, आणि तो डाग धुवायला हा गट थेट लास व्हेगासच्या जागतिक हिप हॉप स्पर्धेला निघतो.

बऱ्याच समीक्षकांनी सिनेमाला झोडपलं. कथा पातळ, लांबी अडीच तासांच्या वर, गुरू ऐनवेळी गायब, हिरॉइनचा पाय ऐनवेळी दुखावणार, आणि शेवटी सगळी भिस्त तिरंग्यावर. नाच चांगले आहेत, पण नाचाच्या दोरीवर वाळत घातलेली गोष्ट मात्र ओलीच राहिली, असा एकंदर सूर. दुसरीकडे लोकांनी तिकिटं काढली आणि भारतात सिनेमाची कमाई शंभर कोटींच्या पुढे गेली. मग खरं कुणाचं? होस्टेलवरच्या रात्री एकच्या चर्चेत याचं उत्तर नेहमी "समीक्षकांना काय कळतंय!" असं येतं. मला ते पटत नाही. समीक्षकांना कळतंय. ते फक्त वेगळा पेपर तपासत होते.

जागतिक हिप हॉप स्पर्धेत परीक्षकांचे दोन गट असतात. एक गट सादरीकरण बघतो, दुसरा फक्त कौशल्य. अवघडपणा किती, एकसारखेपणा किती, ताल किती पकडलाय. दोन्हींची बेरीज होऊन निकाल लागतो. आपल्याकडेही थिअरीचे मार्क वेगळे आणि ओरलचे वेगळे असतातच की! 'एबीसीडी २'ची गंमत अशी झाली, की पेपरात छापून आलं ते थिअरीचं मार्कशीट आणि होस्टेलवर पोरं बघत बसली ती प्रॅक्टिकलचं.

यात समीक्षकांचा दोष नाही. नाचाचा सिनेमा गोष्टीवर तोलायची सवय आपल्याला चांगल्या सिनेमांनीच लावली आहे. शांतारामबापूंचा 'पिंजरा' (१९७२) घ्या. त्यात लावण्या एकाहून एक आहेत, पण लक्षात राहतो तो मास्तर. 'नटरंग' (२०१०) घ्या. गाणी अजून प्रत्येक गॅदरिंगला वाजतात, पण सिनेमा उभा आहे तो आनंद यादवांच्या कादंबरीतल्या गुणा कागलकरावर. तिथे नाच गोष्टीच्या पोटातून येतो. ती फूटपट्टी घेऊन 'एबीसीडी २' मोजायला गेलं, तर बिचारा नापासच होणार. एटीकेटीसुद्धा मिळायची नाही.

आणि नापास होणारा तो काही पहिला नव्हे. नाचाच्या सिनेमाचा दुसरा भाग आणि समीक्षकांचा मार, हे जुनंच समीकरण आहे. 'सॅटर्डे नाइट फीव्हर' (१९७७) गाजला. त्याचा पुढचा भाग 'स्टेइंग अलाइव्ह' १९८३ मध्ये आला, दिग्दर्शक कोण, तर सिल्व्हेस्टर स्टॅलोन – आपला रॅम्बो! समीक्षकांनी तो इतका धुतला, की परीक्षणांची टक्केवारी काढणाऱ्या रॉटन टोमॅटोजवर त्याला कित्येक वर्षं शून्य टक्के होते. धंदा मात्र जोरात झाला.

त्याहून मजेशीर प्रकरण १९८४ चं. त्या वर्षी मे महिन्यात 'ब्रेकिन' नावाचा सिनेमा आला, चालला, आणि त्याच डिसेंबरात दुसरा भाग हजर. एवढ्या वेळात आपलं सबमिशनही पूर्ण होत नाही! त्याचं नाव 'ब्रेकिन २ : इलेक्ट्रिक बूगालू'. कथानक काय, तर बिल्डरच्या तावडीतून वस्तीतलं पोरांचं केंद्र वाचवायचं. समीक्षकांनी खिल्ली उडवली आणि पुढे ते नाव म्हणजे इंग्रजीत एक विनोदच होऊन बसला. कुठल्याही नको असलेल्या दुसऱ्या भागाला लोक 'इलेक्ट्रिक बूगालू' म्हणायला लागले.

पण नाचणाऱ्या पोरांना विचारा. ती हसत नाहीत. कारण 'इलेक्ट्रिक बूगालूज' हा कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरातला खराखुरा गट होता, १९७७ च्या सुमारास सुरू झालेला. अंगातला एकेक स्नायू झटक्यात आवळून सोडायचा, म्हणजे ज्याला आज 'पॉपिंग' म्हणतात, ते जगभर पोचवण्यात या गटाचा मोठा वाटा. आमच्या टीममधली पोरं जिमखान्याच्या आरशासमोर घाम गाळत जे करतात, त्याचं मूळ गाव ते. शिवाय त्या टुकार ठरलेल्या दुसऱ्या भागात एक पोरगा भिंतीवरून चढून छतावर उलटा नाचतो. मेकॅनिकलवाल्यांनी तेवढा तुकडा जरूर बघावा. अख्खी खोली गोल फिरणाऱ्या सांगाड्यात बसवलेली, कॅमेरा खोलीलाच घट्ट बांधलेला. खोली फिरते, कॅमेरा तिच्याबरोबर फिरतो, त्यामुळे आपल्याला वाटतं की माणूसच छतावर गेला. फ्रेड अ‍ॅस्टेअरने १९५१ मध्ये हीच युक्ती केली होती. नाचणाऱ्याला मात्र प्रत्येक क्षणी खरी जमीन कुठे आहे याचं भान ठेवून ताल सांभाळावा लागतो. फ्रेम ऑफ रेफरन्स शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही. एकच सिनेमा, एकाला विनोद आणि दुसऱ्याला शिकवणी!

हे सगळं मी एकदा रूम पार्टनरला ऐकवलं, तेव्हा त्याने तिसराच मुद्दा काढला. तो वसईचा. 'एबीसीडी २'ची गोष्ट खरी कुणाची आहे हे त्याला तोंडपाठ, कारण ती त्याच्या लोकल लाइनची आहे. वसई-नालासोपारा भागातल्या पोरांना घेऊन सुरेश मुकुंद आणि व्हर्नन मॉन्टेरो यांनी 'फिक्टिशस' नावाचा गट उभा केला. २०११ मध्ये 'इंडियाज गॉट टॅलेंट'चा तिसरा सीझन सुरेश-व्हर्नन यांच्या गटाने जिंकला, २०१२ मध्ये ही पोरं लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत उतरली. त्यावरून हा सिनेमा आला. सिनेमातल्या हिरोचं नावही सुरेशच आहे.

"पण पुढे उभा कोण? वरुण धवन," रूम पार्टनर म्हणाला. "पहिल्या भागात निदान नाचणारे हिरो तरी होते. दुसऱ्या भागात तेच धर्मेश, पुनीत दुसऱ्या रांगेत गेले. आणि आमच्या विरार लोकलवाल्यांना तर रांगच नाही. गोष्ट तेवढी घेतली."

मी म्हटलं, "अरे, स्टार नसता तर एवढा पैसा कुणी लावला असता? व्हेगासला कोण घेऊन गेलं असतं?"

"ते बरोबर आहे," तो म्हणाला. "पण बरोबर आहे म्हणून टोचायचं थांबतं का?"

मला वाटतं, एवढ्या परीक्षणांमधून जे सुटलं ते या एका वाक्यात आहे. सगळे कथेत काय कमी आहे ते शोधत बसले. वसईच्या पोराचं म्हणणं होतं, की कथा भरपूर आहे, फक्त ती ज्याची आहे तो फोटोत नाही. गंमत म्हणजे एवढं बोलून हाच पठ्ठ्या शेवटचा नाच लागला की आवाज वाढवायला सगळ्यात आधी उठतो. आवडणं आणि टोचणं एकाच माणसात एकाच वेळी राहू शकतं. टक्केवारीत ते मांडता येत नाही.

खऱ्या आयुष्यात पुढचा भाग सिनेमापेक्षा चांगला निघाला हे मात्र सांगायला हवं. सिनेमा येऊन दोन महिने होतात न होतात तोच, ऑगस्ट २०१५ मध्ये, सुरेश मुकुंदच्या 'किंग्ज युनायटेड'ने सॅन दिएगोला जागतिक हिप हॉप स्पर्धेत ब्राँझ मिळवलं. मे २०१९ मध्ये 'द किंग्ज' या नावाने त्यांनी अमेरिकेतली 'वर्ल्ड ऑफ डान्स' स्पर्धा जिंकली. बक्षीस दहा लाख डॉलर. त्याच पट्ट्यातल्या 'व्ही अनबीटेबल'ने फेब्रुवारी २०२० मध्ये 'अमेरिकाज गॉट टॅलेंट : द चॅम्पियन्स' जिंकली. त्यांच्या नावातला 'व्ही' हा सरावात जबर जखमी होऊन पुढे गेलेल्या एका सहकाऱ्याची आठवण आहे. हवेत फेकलेला पोरगा कुणीतरी झेलायचा असतो. आपण शिट्ट्या मारतो तेव्हा हे लक्षात नसतं.

आता आपल्या कॉलेजकडे वळतो. कारण हा सिनेमा आमच्यासाठी टाइमपास राहिला नाही, तो गेल्या वर्षी.

गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमची टीम उतरली होती. स्पर्धेचं नाव सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. नाच झाला, टाळ्या पडल्या, आणि परीक्षकांपैकी एकाने माईकवर सांगितलं, "हे मी यूट्यूबवर बघितलंय." बस्स. पुढे काहीही विचारलं नाही. सभागृहातली मागची बाकं जे ओरडायचं ते ओरडली. आम्ही बसने परत येईपर्यंत व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरून आला होता.

आमची कॅप्टन मेकॅनिकलची, सांगलीची. नाच तिने बसवलेला. तिच्याकडे एक शंभर पानी वही असते, त्यात एक ते आठ आकडे मांडून प्रत्येक जागची हालचाल लिहिलेली. तिने दुसऱ्या दिवशी ती वही सगळ्यांसमोर उघडली. अख्ख्या नाचात अठ्ठेचाळीस आठ-मात्रा होत्या. त्यातल्या तीन एका व्हिडिओवरून घेतल्या होत्या आणि वहीत तसं लिहिलेलंही होतं. बाकी पंचेचाळीस तिच्या. पण वही कुणी मागितलीच नव्हती! तोवर टीममधली चौदाची सहा डोकी उरली होती. सांगलीहून वडिलांचा फोन येऊन गेला होता, "नाच बास झाला आता, प्लेसमेंटचं बघ." जिमखान्याच्या हॉलची किल्ली ती दुसऱ्या दिवशी परत करणार होती.

त्या रात्री कुणीतरी लॅपटॉपवर 'एबीसीडी २' लावला. सवयीने. हकालपट्टीचा प्रसंग आला, लोक हिरोला 'चीटर' म्हणू लागले, आणि खोलीत कुणीही "स्टोरी फॉरवर्ड कर" म्हणालं नाही. इतक्या वेळा लावलेला सिनेमा, आणि त्याला गोष्ट आहे हे आम्हाला त्या दिवशी दिसलं. मुलींच्या होस्टेलवर कॅप्टननेही तो त्याच रात्री पुन्हा बघितला, आणि सकाळी कँटीनमध्ये तिने त्याचं जे परीक्षण केलं, तसं मी कुठल्याही पेपरात वाचलेलं नाही.

ती म्हणाली, "सुरुवात बरोबर आहे. अगदी असंच वाटतं. पण पुढे हे लोक आरोप विसरतात. आरोप चोरीचा, आणि उत्तर काय, तर मोठी स्पर्धा, मोठं स्टेज, शेवटी तिरंगा. अरे, जर्नल कॉपी केलं म्हणून सरांनी पकडलं, तर 'सर, मी झेंडावंदनाला वेळेवर येतो' हे उत्तर आहे का? उत्तर एकच, वही दाखवायची. कुठलं माझं, कुठलं दुसऱ्याचं."

इंजिनिअरिंगच्या पोरांना हा मुद्दा समजावून सांगायची गरज नाही. पिढ्यान् पिढ्या आपल्याकडे 'जीटी' चालत आली. काचेखाली ट्यूबलाइट लावायची, वर मित्राची शीट, त्यावर आपली कोरी शीट, आणि रात्रीत ड्रॉइंग तयार. आता ऑटोकॅडमुळे काच गेली, फाईलचं नाव बदललं की काम होतं. पण कॅप्टनने फरक नीट सांगितला. स्टेप ही सगळ्यांची असते. पॉपिंग फ्रेझ्नोहून आलं, लॉकिंग लॉस एंजेलिसहून. ते जगाने वापरायचंच आहे, नट-बोल्टसारखं. पण नट-बोल्ट जोडून जे मशीन उभं राहतं, ते ज्याने जोडलं त्याचं. कोण कुठे उभा राहणार, कुठल्या मात्रेवर कोण फुटून बाहेर येणार, ही रचना उचलली तर ती जीटी. तीन आठ-मात्रा असल्या तरी जीटी. हे तिने स्वतःच्या नाचाबद्दल सांगितलं, आवाज न चढवता.

किल्ली परत गेली नाही. सहाच जणांनी गॅदरिंगसाठी नवा नाच बसवला. त्या तीन आठ-मात्रा काढून टाकल्या नाहीत, ठेवल्या. फक्त नाच सुरू व्हायच्या आधी निवेदकाने एक चिठ्ठी वाचली. अमुक भाग अमुक गटाच्या नाचावरून घेतला आहे, पॉपिंगच्या हालचाली कुठल्या परंपरेतल्या आहेत, बाकीची रचना टीमची. मागून कुणीतरी ओरडलं, "रेफरन्सेस! आता बिब्लिओग्राफी पण वाच!" सगळे हसले. मीही विंगेत हसलो आणि बटण दाबलं.

नाच काही फार भारी झाला असं म्हणणार नाही. सहा जणांत चौदा जणांचं स्टेज भरत नाही. एका ठिकाणी दोघं चुकीच्या बाजूला गेले. पण ते तीन तुकडे आले तेव्हा बघणाऱ्यांना कळलं, आणि ते संपून स्वतःचा भाग सुरू झाला तेही कळलं. लोक प्रथमच नाच वाचल्यासारखा बघत होते. गेटवरचे वॉचमन मामा, ज्यांच्या मुलीने गावाकडच्या शाळेत याच सिनेमातल्या गणपतीच्या गाण्यावर नाच केला होता, ते दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "ते चिठ्ठीचं काय होतं, ते नाही समजलं. पण शेवटचा तुमचा होता ना, तो आवडला."

कॅप्टनने व्हिडिओ घरी पाठवला. वडिलांचा फोन आला. प्लेसमेंटचं त्यांनी पुन्हा सांगितलंच. आणि ठेवता ठेवता म्हणाले, "ते आधी वाचलेलं बरं केलंस."

तर मंडळी, माझा निकाल असा. समीक्षक म्हणाले गोष्ट कच्ची आहे – खरं आहे. नाचणारी पोरं म्हणतात नाच बघा – तेही खरं. वसईकर म्हणतो पहिल्या रांगेत आमचा माणूस हवा होता – हे सगळ्यात खरं. याच रेमोचा 'स्ट्रीट डान्सर थ्रीडी' जानेवारी २०२० मध्ये आला, त्यालाही मार पडला, आणि त्यातले नाचही आमची पोरं तुकडे करकरून बघतात. वाईट सिनेमातून चांगली गोष्ट उचलता येते. फक्त ती कुठून उचलली ते सांगावं.

जिमखान्याच्या हॉलमध्ये आरशाशेजारी आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर दोन रकाने आहेत, 'घेतलेलं' आणि 'आपलं'. यंदाच्या नाचाचा डावा रकाना भरत आलाय. उजव्यात आत्तापर्यंत अकरा आठ-मात्रा झाल्यात. ज्यांना यायचं असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर यावं, नाच येत असण्याची अट नाही.